सर्व्हरच्या सुधारणेसाठी प्रत कोणाची?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनसवर, महागाईभत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार असे आपण धरून चालता. चालकांचीही तीच समजूत होती. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी फोन करून विचारले, "अहो, हा विषय इंजिनिअरांचा नाही का?" मी म्हटले, इंजिनिअरांचाच आहे, पण हा इंजिनिअर आता माझा सभासद आहे. तो कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो, रात्रपाळीला येतो, आणि यंत्र बंद पडले की कारणे दाखवा नोटीस त्यालाच मिळते. पूर्वी मागावर धोटा तुटला की विणकराचा पगार कापत. आता धोटा दिसत नाही, एवढाच फरक.

माझी शाळा नववीत सुटली. पुढले शिक्षण लेथवर झाले, आणि त्याच्या पुढले सभासदांच्या तक्रारींवर. तक्रार लढवायची तर ज्या कामाबद्दल ती आहे ते काम समजलेच पाहिजे, ही सवय मला जुन्या कार्यकर्त्यांनी लावली. म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून आणि पोरांना प्रश्न विचारून विचारून मी हे शिकलो. तेव्हा आपल्यात जे जाणकार बसले असतील त्यांना माझी भाषा गावठी वाटेल. वस्तू मात्र मी चुकीची सांगणार नाही.

आता वस्तू काय ती पाहू. बँकेत, इस्पितळात, कारखान्यात एक थंडगार खोली असते, तीत सर्व्हर असतात. पूर्वी एक सर्व्हर म्हणजे एक काम असे. पगाराचा एक, साठ्याचा एक, टपालाचा एक. बहुतेक वेळ ते नुसते गरम होत बसलेले. मग एका मोठ्या यंत्रात अनेक काल्पनिक यंत्रे बसवण्याची युक्ती सर्वत्र आली. आपल्या जुन्या वाड्याची कल्पना करा. वाडा एक, आणि आत वीस बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की चूल आपली, दार आपले. नळ मात्र एकच आणि जिनाही एकच. कोणाला केव्हा पाणी सोडायचे, कोणाला किती खोल्या द्यायच्या, हे पाहणारा एक कारभारी लागतो. त्या कारभाऱ्याला हायपरवायझर म्हणतात. हे कारभारी अनेक जातींचे आहेत. मी आज ज्याबद्दल बोलणार तो व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीचा ईएसएक्सआय, कारण माझ्या सभासदांच्या हाताखाली मुख्यतः तोच आहे. ही कंपनी १९९८ साली निघाली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती विकत घेतली. त्या खरेदीचा आपल्या विषयाशी संबंध आहे. त्याकडे पुढे येतो.

कारभारी कितीही हुशार असला तरी त्याला वाड्याच्या भिंतींशी बोलता आले पाहिजे. डिस्क सांभाळणारे कार्ड, नेटवर्कचे कार्ड, पंखे, वीजपुरवठा, या प्रत्येकाची बोली वेगळी. मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी नसेल तर कारभाऱ्याला डिस्क दिसतच नाही. दुभाषी अर्धवट असेल तर डिस्क दिसते, आणि गर्दीच्या वेळी बोलण्यात गोंधळ होतो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. तो कसा, ते सांगतो.

सर्व्हर कोण बनवतो? डेल, एचपीई, लिनोव्हो, सिस्को, फुजित्सू अशी मंडळी. ईएसएक्सआय बनवतो व्हीएमवेअर. तेव्हा हा कारभारी यंत्रावर चढवायचा असेल, किंवा जुना काढून नव्या आवृत्तीवर न्यायचा असेल, तर तो ज्या फाइलीतून येतो तिच्या दोन जाती असतात. एक व्हीएमवेअरने स्वतः काढलेली. तिला मी मूळ प्रत म्हणेन. दुसरी डेलने डेलसाठी, एचपीईने एचपीईसाठी तयार करून घेतलेली. तीत मूळ प्रत सगळी असते. शिवाय त्या यंत्राच्या कार्डांचे नेमके ड्रायव्हर आणि यंत्राची तब्येत कळवणारी अवजारे असतात. तिला यंत्रवाल्याची प्रत म्हणू. बाहेरून दोन्ही सारख्याच. दोन्ही आयएसओ फाइली, दोन्ही पेन ड्राइव्हवर मावतात, सुरू केल्यावर पडदाही जवळजवळ तसाच दिसतो. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, हाती आलेली कोणती ते नावावरूनच ओळखायचे.

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच. यंत्र अमुक एका छापाचे आहे, त्यावर कारभारी आधीच बसलेला आहे, आणि त्याला पुढच्या आवृत्तीवर न्यायचे आहे. प्रत कोणती घ्यावी? आणि ती घेण्याचा निर्णय कोणी करावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांतून सापडते. दुसऱ्याचे उत्तर कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी येथे आलो.

पहिल्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. यंत्र ज्याच्या छापाचे, प्रत त्याचीच घ्यावी. आणि तीही त्याच पिढीच्या यंत्रासाठी काढलेली. पिढीची गोष्ट मुद्दाम सांगतो. एचपीईने ६.५ आवृत्तीच्या वेळी नवव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांसाठी वेगळी प्रत काढली होती, आणि नवव्या पिढीपासून पुढच्यांसाठी वेगळी. नुसते 'एचपीईची आहे ना, मग झाले' म्हणून भागत नाही. डेलच्या यंत्रावर एचपीईची प्रत चढवणारे महाभागही मी ऐकले आहेत. चालते म्हणे. चालते, जशी दुसऱ्याची चप्पल चालते.

आता मूळ प्रतीने काय बिघडते? नव्या यंत्रावर ती पहिल्यांदाच चढवली तर बिघाड लगेच दिसतो. नेटवर्क कार्डच सापडले नाही असे म्हणून ती थांबते, किंवा डिस्कच्या यादीत काहीच येत नाही. हे बरे. माणूस हात धुतो, योग्य प्रत आणतो, पुन्हा सुरुवात करतो. सुधारणेच्या वेळी मात्र तसे होत नाही. यंत्रावर आधी यंत्रवाल्याच्या प्रतीतून आलेले ड्रायव्हर बसलेले असतात. वर मूळ प्रत आली की दोन-तीन प्रकार संभवतात. जुन्या आणि नव्या ड्रायव्हरांत तंटा झाला तर सुधारणा तेथेच अडते आणि यादी दाखवते, तेही बरेच. तंटा झाला नाही तर काही जुने ड्रायव्हर तसेच राहतात, काही बदलतात, आणि यंत्र निमूटपणे सुरू होते. पडदा हिरवा, बिऱ्हाडे जागेवर, रात्रपाळी संपली. त्या कार्डाच्या फर्मवेअरशी आता बसलेल्या ड्रायव्हरचे जमते की नाही, हे त्या रात्री कोणालाच कळत नाही. महिनाअखेरीला, सगळ्यांची बिले एकदम निघताना, ते कळते.

अशी एक चौकशी मी लढवली. संस्थेचे नाव सांगत नाही. एकाच छापाचे तीन सर्व्हर होते, ईएसएक्सआय ६.७. त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार कंपनीने १५ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद केला, तेव्हा तिला हलवणे भागच होते. कंत्राटदाराचा एक तरुण मुलगा, वय पंचवीसच्या आत, त्याला शनिवारी संध्याकाळी पेन ड्राइव्ह हाती दिला आणि सोमवारी सकाळपर्यंत तिन्ही यंत्रे ७.० वर न्यायला सांगितले. त्याने नेली. आठवडाभर सगळे शांत होते. नवव्या दिवशी भर दुपारी एका यंत्राच्या डिस्का नाहीशा झाल्या, वाड्यातली अकरा बिऱ्हाडे एकदम अंधारात. काम चार तास बंद. दुसऱ्या दिवशी मुलाला नोटीस मिळाली, की निष्काळजीपणाने अयोग्य प्रत वापरली.

चौकशीत मी आधी यंत्राची साक्ष मागितली. अधिकारी हसले. परंतु यंत्र साक्ष देते. ईएसएक्सआयला एक आज्ञा आहे, 'ईएसएक्ससीएलआय सॉफ्टवेअर प्रोफाइल गेट'. ती दिली की ते आपल्या अंगावर कोणती प्रत चढली आहे तिचे नाव सांगते. यंत्रवाल्याची असेल तर नावात त्या छापाचा उल्लेख असतो. मूळ असेल तर नावाच्या शेवटी 'स्टँडर्ड' असा शब्द येतो. आणखी एक आज्ञा सगळ्या ड्रायव्हरांची यादी देते, कोण कोणाकडून आला आणि केव्हा बसला यासह. सुधारणेपूर्वीची नोंद बॅकअपमध्ये सापडली. तीत छापाचे नाव होते. नंतरच्या नोंदीत 'स्टँडर्ड'. म्हणजे अयोग्य प्रत चढली हे खरेच. आमच्या बाजूने मी ते पहिल्याच बैठकीत मान्य केले.

मग मी विचारले, ही प्रत आणली कोणी? उत्तर आले, ज्याने लावली त्याने. मी विचारले, ती उतरवून घ्यायची तर कंपनीच्या दारात लॉगिन लागते. ते या मुलाकडे आहे काय? नव्हते. लॉगिन साहेबांकडे होते. साहेबांनी ते आणखी कोणाला दिले होते, त्याने मागे कधी तरी उतरवलेली फाइल एका पेन ड्राइव्हवर होती, आणि तो पेन ड्राइव्ह खणातून खणात फिरत होता. त्यावर कागद चिकटवलेला, 'ईएसएक्सआय नवीन'. तारीख नाही, आवृत्ती नाही, छाप नाही. मुलाला दुसरी प्रत आणण्याचा मार्गच नव्हता. लॉगिन साहेबाकडे आणि पेन ड्राइव्ह पोराकडे, अशी ती वाटणी होती.

श्रोतेहो, ब्रॉडकॉमचा उल्लेख मी केला तो याचसाठी. खरेदीनंतर, डिसेंबर २०२३ पासून, कायमचा परवाना विकणे बंद होऊन वर्गणी आली, आणि मे २०२४ मध्ये सगळ्या फाइली ब्रॉडकॉमच्या दारात गेल्या. आत जायचे तर नोंद हवी आणि वर्गणीचा हक्क हवा. त्यांच्या दुकानाचे नियम त्यांनी ठरवावेत, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. परिणाम मात्र खाली पोचतो. दार जितके अरुंद, तितके हातोहात फिरणारे पेन ड्राइव्ह जास्त. लहान गावच्या संस्थेत, दुसऱ्या कंत्राटदाराकडून मागून आणलेली, कोणी तरी कोठून तरी उतरवलेली प्रत चढते. ती मध्ये कोणी बदलली नाही कशावरून? त्यासाठी प्रत्येक फाइलीबरोबर कंपनी एक लांबलचक अंक-अक्षरांचा ठसा छापते. आपल्या हातातल्या फाइलीचा ठसा काढून तो जुळवायचा. दोन मिनिटांचे काम. अंगठ्याचा ठसा न पाहता खत करून घेणारा सावकार कोणी पाहिला आहे का? येथे मात्र सगळे बिनठशाचे व्यवहार.

कोणी म्हणेल, मग सुधारणाच करू नये. चालते आहे ते चालू द्यावे. असे सांगणारे दर संस्थेत एक तरी असतात, आणि बहुधा त्यांची खुर्ची मोठी असते. त्यांच्यासाठी एक उदाहरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हीएमवेअरने ईएसएक्सआयच्या एका भगदाडावर ठिगळ काढले. अनेकांनी ते लावले नाही. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, खंडणीखोरांनी ईएसएक्सआयवर हल्ला केला. ईएसएक्सआयआर्ग्स या नावाने तो ओळखला जातो, आणि त्यात त्याच जुन्या भगदाडाकडे बोट दाखवले गेले. जगभर हजारो यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद झाल्या. बिऱ्हाडाला कुलूप लावण्याची गरजच नाही, कारभाऱ्याला धरले की सगळा वाडा हाती येतो. सध्या ७.० चाही आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणजे ही रात्रपाळी पुन्हा सगळीकडे आली आहे.

आणि 'यंत्रवाल्याची प्रत घ्या' हे जे मी सांगितले, तो काही वेदमंत्र नव्हे. बनवणाऱ्याच्या हातूनही घोळ होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ७.० ची तिसरी सुधारित आवृत्ती आली. तीत इंटेलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरचे नाव बदललेले होते. एकाच माणसाचे दोन नावांनी रेशनकार्ड निघावे तसे काही यंत्रांत जुन्या आणि नव्या नावाचे दोन्ही ड्रायव्हर एकदम बसले, आणि पुढची सुधारणा अडली. इतर दोषही निघाले. नोव्हेंबरमध्ये कंपनीने ती आवृत्ती आणि तिच्या मागून आलेल्या दोन दुरुस्त्या उतरवण्यासाठी ठेवलेल्या जागेवरून काढूनच घेतल्या. दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली, जुने नाव परत घेऊन. ज्या घरांत पोरांनी आधी एकाच यंत्रावर चढवून आठ दिवस वाट पाहिली त्यांचे एक यंत्र अडकले. ज्यांनी एका रात्रीत सगळी चढवली त्यांची सगळी अडकली. दोन्ही ठिकाणी प्रत तीच होती.

यंत्रवाल्याच्या प्रतीला एक खोडही आहे: ती मागाहून येते. व्हीएमवेअरची मूळ प्रत आधी निघते, मग डेल-एचपीई आपले ड्रायव्हर पारखून घालतात, मग त्यांची प्रत. मधल्या दिवसांत सुरक्षेचे एखादे ठिगळ निघते, आणि वरून हुकूम सुटतो, 'ताजी प्रत घाला'. ताजी म्हणजे मूळ, असा अर्थ खाली निघतो. येथे क्रम महत्त्वाचा. आधी यंत्रवाल्याची प्रत, मग त्यावर व्हीएमवेअरचे ठिगळ. ठिगळासाठी आयएसओ लागत नाही, झिप फाइल मिळते; आणि ती लावताना 'अपडेट' ही आज्ञा द्यायची, 'इन्स्टॉल' नव्हे. पहिली आज्ञा नवे ते घेते आणि यंत्रवाल्याने बसवलेले ठेवते. दुसरी सगळे त्या झिपप्रमाणे करून टाकते, म्हणजे छापाचे ड्रायव्हर पुसलेही जातात. दोन शब्दांत एवढा फरक आहे, आणि आमच्या एका सभासदाला तो शिकवणारे कोणी नव्हते. शिवाय तारीख पाहावी. यंत्रावर आज बसलेले ठिगळ जर नव्या प्रतीहून नंतरच्या तारखेचे असेल, तर आवृत्तीचा आकडा मोठा असूनही तो प्रवास मागे जाण्याचा ठरतो, आणि कंपनी त्याला मान्यता देत नाही.

६ वरून ७ वर जाताना तर दोन खड्डे होते, आणि अजून कित्येकांची यंत्रे त्यांच्या अलीकडेच उभी आहेत म्हणून सांगतो. एक, ७.० ने जुन्या पद्धतीचे, लिनक्सवरून उसने घेतलेले ड्रायव्हर पूर्ण बंद केले. ज्या कार्डाला नव्या पद्धतीचा दुभाषी नाही ते कार्ड मुके झाले. तसेच पुढे ८.० ने मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स-३ जातीच्या नेटवर्क कार्डांचा ड्रायव्हर काढला. यंत्र धडधाकट असले तरी ते कार्ड गेले. दुसरा खड्डा, ७.० ने डिस्कवरची वाटणीच बदलली. ६ वरून ७ वर गेल्यावर मागे फिरता येत नाही. अनेक सर्व्हरांत कारभारी लहानशा एसडी कार्डावर बसवलेला असे, स्वस्त म्हणून. नव्या वाटणीत त्या कार्डावर लिहिणे फार वाढले, आणि ती कार्डे धडाधड मरू लागली; पुढे कंपनीनेच सांगितले की एकट्या एसडी कार्डावर अवलंबून राहू नका. तेव्हा प्रत कोणती हे ठरवण्याआधी ती बसणार कशावर हेही पाहावे लागते. हे दिवसा, मान्यतेच्या यादीत आपल्या यंत्राचे आणि कार्डांचे नाव शोधून करायचे काम आहे. ती यादी कंपनी प्रसिद्ध करते. एचपीई तर कोणत्या ड्रायव्हरबरोबर कोणते फर्मवेअर याची कृतीच छापते, आणि तिला 'रेसिपी' हेच नाव देते. स्वयंपाकघरातला शब्द आहे, म्हणून मला तो आवडला. मीठ आधी की नंतर, हे त्यात असते.

यंत्रवाल्याने त्या आवृत्तीसाठी प्रत काढलीच नसेल तर? तेव्हा मूळ प्रत घालून पाहू, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रयोगाच्या यंत्रावर जरूर पाहावे. ज्या यंत्रावर इस्पितळाची औषधे चालतात तेथे मी म्हणेन, प्रत नाही हेच उत्तर समजा आणि नव्या यंत्राची मागणी लिहून द्या. सुट्या भागांचे, कोणत्याच छापाचे नसलेले यंत्र असेल तर अर्थात मूळ प्रतच घालावी लागते. त्याला दुसरी मिळणार कोठून? आणि ज्यांच्याकडे पन्नास-शंभर यंत्रे आहेत ते आता आयएसओच्या भानगडीत न पडता मूळ पाया आणि वर यंत्रवाल्याची जोड असा संच मध्यवर्ती ठिकाणी बांधून सगळीकडे पाठवतात. त्यांच्याकडे पगारी माणसे आहेत. माझा विषय दोन-तीन यंत्रांच्या घरांचा.

प्रत यंत्रापर्यंत नेण्याचीही एक गोष्ट सांगतो. हल्ली पेन ड्राइव्ह घेऊन खोलीत जावेच लागत नाही. एचपीईच्या आयएलओमधून, डेलच्या आयड्रॅकमधून घरबसल्या फाइल यंत्राला जोडता येते. यंत्राला वाटते खरी चकतीच घातली. साहेब लोकांना हे फार आवडते, कारण रात्रीचा रिक्षाभत्ता वाचतो. परंतु मुलाच्या घरचे इंटरनेट तुटले की फाइल अर्ध्यात तुटते. तेव्हा फाइल यंत्राच्या जवळच्या एखाद्या संगणकावर आधी ठेवावी आणि तेथूनच जोडावी. आणि खोलीत एक माणूस असावा. एक म्हणजे एकटा नव्हे; रात्री दोनला वाचून दाखवणारा दुसरा पाहिजे. उंच खांबावर विजेचे काम करताना खाली एक उभा असतो तो काही गप्पांसाठी नसतो.

त्या पडद्यावर एक जागा अशी आहे की तेथे दुसऱ्याने वाचून दाखवलेच पाहिजे. जुना कारभारी सापडल्यावर प्रत विचारते: सुधारणा करून साठा जपू, नवे बसवून साठा जपू, की नवे बसवून साठा पुसू? साठा म्हणजे बिऱ्हाडांचे सगळे सामान. तीन ओळी, एका बोटाचे अंतर. ड्रायव्हर नसल्यामुळे जुना साठा दिसलाच नाही तर 'सुधारणा' ही ओळ येतच नाही. ती आली नाही की तेथेच थांबावे, यंत्र बंद करावे आणि प्रत तपासावी. पुढे जाऊ नये, साहेबांचा फोन आला तरी जाऊ नये.

चौकशीचे काय झाले ते सांगतो. चौथ्या बैठकीला नोटीस मागे घेतली. लेखी. मात्र ३१ मार्चला कंत्राट संपले तेव्हा नव्या यादीत मुलाचे नाव नव्हते. ते का नव्हते याचे कारण कंत्राटदाराला द्यावे लागत नाही. मुलगा आज दुसऱ्या शहरात याच कामावर आहे, पगार बरा आहे.

त्या संस्थेशी आम्ही करार केला. मसुदा आमच्याच पोरांनी लिहिला, मी फक्त भाषा सरळ केली. सुधारणेपूर्वी सात दिवस आधी एक कागद निघेल: यंत्राचा छाप आणि पिढी, आज बसलेल्या प्रतीचे नाव, नव्या प्रतीचे पूर्ण नाव आणि तारीख, तिचा ठसा, फर्मवेअर कोणते. त्यावर ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याची सही पहिली, लावणाऱ्याची दुसरी. एका रात्री एकच यंत्र. त्यावरची बिऱ्हाडे आधी शेजारच्या यंत्रावर हलवायची, आणि पुढचे यंत्र आठ दिवसांनी. हे सगळे व्यवस्थापनाने कुरकुर करीत का होईना मान्य केले. पहिल्या सहीबद्दल पुष्कळ घासाघीस झाली. साहेबांचे म्हणणे, आम्हांला त्यातले कळत नाही, आम्ही सही कशी करू? मी म्हटले, कळत नसेल तर ज्याला कळते त्याला लॉगिन द्या, आणि त्याला कायम करा. त्या कलमापुढे कंसात 'विचाराधीन' असे लिहिलेले आहे. पुढची बैठक १२ तारखेला आहे.